पाकिटावर माझं नाव नव्हतं: सेंडियासचा अनुभव

इंग्लंडमधल्या मराठी आईबाबांसाठी लिहितेय. सेंडियास म्हणजे विशेष शैक्षणिक गरजा किंवा अपंगत्व असलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना सल्ला देणारी सेवा.

जुलैत काउन्सिलचं पाकीट आलं, चिरंजिवांच्या नावानं. मी सवयीनं फोडलं. ईएचसी प्लॅनमध्ये (अशा मुलाला शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची काय मदत मिळेल, कुठे शिकेल, हे ठरवणारा काउन्सिलचा कायदेशीर कागद) घरामागच्या शाळेचं सिक्स्थ फॉर्म, म्हणजे अकरावी-बारावीसारखे वर्ग, लिहिलेलं. त्याला हवं होतं दोन बस बदलून जायचं ते कॉलेज, कारण तिथे केटरिंगचा कोर्स आहे. (पोळ्या माझ्यापेक्षा गोल लाटतो, हे मान्य करते.)

आमच्या भागातल्या सेंडियासला फोन लावला. सल्ला फुकट, आणि २०१४ च्या कायद्यानं अशी सोय प्रत्येक काउन्सिलला ठेवावीच लागते. पण फोन मशिननं घेतला, उलट फोन पाचव्या दिवशी. काउन्सिलच्या निर्णयावर ट्रिब्युनलकडे अपील करायला पत्राच्या तारखेपासून दोनच महिने असताना पाच दिवस फार होतात. पाचातला एक तारा तिथेच गेला.

फोनवरच्या बाईंनी आधी त्याचा वाढदिवस विचारला. मुलगा १६ वर्षांचा होतो त्या शैक्षणिक वर्षातला जूनचा शेवटचा शुक्रवार उलटला, की अपील, कॉलेजची मागणी, सगळं त्याच्या हक्काचं. मला सल्ला द्यायला त्यांची ना नव्हती, पण त्याच्या कागदांवर बोलायला त्याची संमती हवी. मी चिडले. म्हटलं, अहो, त्याला सुट्टे पैसे मोजता येत नाहीत! त्या शांतपणे म्हणाल्या, पैशांचा निर्णय वेगळा, कॉलेजचा वेगळा. २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट, म्हणजे स्वतः निर्णय घेण्याच्या क्षमतेबद्दलचा कायदा, प्रत्येक निर्णय स्वतंत्र धरतो. नीट समजावून, मदत करूनही एखादा निर्णय त्याला जमला नाही, तर त्या निर्णयापुरते आईवडील पुढे.

मग भेट झाली. त्याचं उत्तर यायला मिनीट लागतं, मी दहाव्या सेकंदाला बोलते. बाईंनी दोनदा नुसता हात वर केला. तिसऱ्यांदा मीच जीभ चावली. तो म्हणाला, शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये कान दुखतात. दोन्ही बसचे नंबर सांगितले, आणि दोन शनिवारी मामेभावाबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन आलोय, हेही. मला पत्ताच नव्हता!

चित्रांचं सोपं माहितीपत्रक मात्र फसलंय. हे लहान मुलांचं आहे, म्हणून त्यानं परत केलं. अपिलाचा फॉर्म त्याच्या शब्दांत भरायला बाईंनी दोन बैठका दिल्या. वाद फक्त कॉलेजच्या नावाचा असल्यामुळे अपिलाआधी मध्यस्थीचा दाखला (काउन्सिलशी मध्यस्थामार्फत बोलण्याचा विचार केल्याचा कागद) लागणार नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं, नाहीतर त्यात आणखी दिवस गेले असते.

पाचात चार तारे. सुनावणीला मी हवी का, असं बाईंनी त्याला विचारलं. या वेळी मी पूर्ण मिनीटभर गप्प बसले. तो म्हणाला, आई येऊ दे, पण शेजारी नको, दाराजवळच्या खुर्चीत.