७५ लिटरची सॅक, २२ किलो ओझं, ११ महिने

आधीची सॅक ऐन उतारावर गेली. डावा पट्टा पाठीला जिथे शिवलेला असतो, तिथली शिलाई एकेक टाका सोडत होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा पट्टा शेवटच्या चार टाक्यांवर लोंबत होता. पुढचे तीन तास सगळं ओझं एका खांद्यावर घेऊन उतरलो. कापड मात्र शाबूत, साधा ओरखडासुद्धा नव्हता. घेताना मी कापड चोळून चोळून पाहिलं होतं, शिलाईकडे बघितलंच नव्हतं.

म्हणून ही सॅक हातात आल्या आल्या आधी उलटी केली. जिथे जिथे पट्टा शिवलाय, तिथे दाट नागमोडी टाक्यांची आडवी जाड रेघ हवी, तिला बारटॅक म्हणतात. नुसती चौकोनी साधी शिलाई जड ओझ्याला पुरत नाही. मग आत हात घालून शिवणी चाचपल्या. कापडाच्या कडा फितीत दुमडून शिवलेल्या असल्या की धागे सुटत नाहीत. गेल्या ११ महिन्यांत दर महिन्याला मी या जागा नखाने ओढून बघतो, अजून एक टाका हललेला नाही.

सगळे आधी विचारतात, किती लिटरची? माझ्या मते आधी विचारायचं ते पाठीचं माप. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळकपणे वर येतो. तिथून खाली, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठे ज्या रेषेत येतात तिथपर्यंत मोजायचं. टेप पाठीला चिकटून हवा, आणि दुसऱ्याकडूनच मोजून घ्यायचं. माझं माप ४६ सेंटिमीटर भरलं. माझा मित्र उंचीला माझ्याएवढाच, पण त्याचं ५१. त्याची सॅक मी एकदा चढवली, तर कंबरपट्टा हाडाच्या खाली घसरला आणि सगळा भार खांद्यांवर आला. उंची सारखी म्हणून माप सारखं, असं नसतं.

जड ओझं उचलते ती कंबर. खांद्याचे पट्टे सॅक पाठीशी धरून ठेवण्यापुरते. हे मला पटलं ते घरच्या जिन्यावर. लेबल काढायच्या आधी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या (१ लिटर म्हणजे १ किलो, काट्याची गरज नाही), मोकळी जागा चादरींनी गच्च केली आणि २० किलो घेऊन अर्धा तास जिना चढलो-उतरलो. मध्येच खांद्याचे पट्टे सैल सोडले. सॅक कमरेवर तशीच बसून राहिली, फक्त मागे झुकली. तिथेच ठरलं, हीच ठेवायची. आधी कंबरपट्टा हाडाच्या वरच्या कडेवर आवळायचा, मग खांदे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे तिरपे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. हा क्रम चुकला की चांगली सॅकही जाचते.

कंबरपट्ट्याचा फोम अंगठ्याने दाबून बघा. हाताला मऊ लागणारा फोम २० किलोखाली चपटा होतो. माझा सुरुवातीला कडक वाटला, पहिल्या दोन फेऱ्यांत हाडावर लाल वळ उठले. तिसऱ्या फेरीपासून तो कमरेच्या आकारात बसला आणि नंतर एकदाही त्रास नाही. सॅकच्या पाठीत आतून अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आहेत. त्या काढून गुडघ्यावर हळूहळू वाकवल्या, पाठीच्या बाकाला जुळवल्या आणि परत घातल्या. इतक्या साध्या कामाने पाठीला जो फरक पडला, तो दुसऱ्या कशानेच पडला नाही.

कापडाचं थोडक्यात सांगतो. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. माझ्या सॅकचं अंग ४२० डेनियर नायलॉनचं आहे आणि तळ १०००चा. तळच दगडावर आपटतो, घासतो, त्यामुळे ही वाटणी मला योग्य वाटते. रिकामी सॅक २.६ किलो भरते.

आता तक्रारी. खालच्या कप्प्याची चेन आठव्या महिन्यात रनरच्या मागे उघडायला लागली. दात ठीक होते, रनर फाकला होता. पक्कडने दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबलं, चेन परत नीट लागते. आता दर खेपेनंतर जुन्या टूथब्रशने माती झाडतो, कारण रनर झिजवते ती मातीच. कंबरपट्ट्याची पट्टी ओली झाली की बक्कलमधून हळूहळू सरकते, पावसात तासाभराने पुन्हा आवळावी लागते. हे बनवणाऱ्यांनी सुधारायलाच हवं. बाटलीचा कप्पा इतका मागे आहे की पाठीवर सॅक असताना हात पोचत नाही. रेनकव्हर वाऱ्यात फुगून निघतं, आणि पाणी पाठीच्या बाजूने शिरतं ते वेगळंच. मी आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावतो, सामान कोरडं राहतं.

भरण्याबद्दल एक गोष्ट. ६० मीटरचा दोर, सुमारे ४ किलोचा, मी आधी झाकणाखाली बाहेरच्या बाजूला बांधायचो. प्रत्येक वळणावर सॅक मागे खेचायची. तोच दोर आत पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर ठेवला आणि चाल सरळ झाली. वजन तेवढंच, पण ते पाठीपासून जितकं लांब, तितकं जास्त ओढतं.

आल्यावर सॅक रिकामी करून, सगळ्या चेन उघडून सावलीत पूर्ण वाळवतो. जुन्या सॅकच्या आतला पाणीरोधक थर दमट कपाटात चिकट होऊन पापुद्रे सुटले होते, आणि तो वास शेवटपर्यंत गेला नाही.

तुमचं ओझं १२ किलोच्या आत राहणार असेल, तर ही सॅक घेऊ नका. एवढा सांगाडा तुम्हाला लागणार नाही आणि रिकाम्या सॅकचंच वजन वाहत बसाल.