छोट्या लाकडी मूर्तींसाठी व्ही-टूल: 60 अंश घ्यावं की 90?

चाकू आणि एकदोन गोल पटाश्या झाल्या की पुढे व्ही-टूलचा (व्ही आकाराच्या तोंडाचं, चर मारायचं हत्यार; अंश म्हणजे त्याच्या दोन भिंतींमधला कोन) प्रश्न येतोच, आणि ज्याला विचाराल तो डोळे झाकून सांगतो, 60 अंशाचं घे. सल्ला बरोबरच आहे म्हणा. पण माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही 3 मिमी रुंद तोंडाची, तळहातात मावणाऱ्या मुठीची, आणि 60 चं बहुतेक वेळ डब्यातच असतं. का ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

बाकीचे पर्याय आधी पटकन उरकतो. 45 चं केसांच्या बारीक रेघांना भारी, पण टोक नाजूक, पहिलं हत्यार म्हणून नको. स्टेशनरीच्या दुकानात लिनो कटरच्या (छापकामासाठी मऊ लिनोलियम कोरायच्या) सेटमध्ये व्ही पातं मिळतं, ते लिनोवरच बरं. लाकडात त्याची धार टिकत नाही, आणि पांगारा मऊ आहे म्हणून चालून जाईल असं वाटतं खरं, पण मऊ लाकूड बोथट पात्याने कापलं जात नाही, ते दबतं आणि कुसळं उभी राहतात. सागावर तर विचारूच नका, त्यात सिलिका असते, ती चांगल्या पोलादाची पण धार खाते. मी शक्यतो शिवणीचं लाकूडच वापरतो.

आता मुद्दा. 1 मिमी खोल चर मारली तर 90 ची रेघ 2 मिमी रुंद होते आणि 60 ची साधारण 1.15. चार इंची वारकरी करताय, चेहराच जेमतेम 15 मिमी, तिथे 2 मिमीची रेघ म्हणजे डोळ्याची पापणी नाही, खंदक झाला! म्हणून लोक 60 सांगतात आणि त्यांचं खरं आहे. शिवाय 3 मिमीचं 60 अडीच मिमीपर्यंत खोल जातं, 90 चे दोन्ही कान (भिंतींच्या वरच्या कडा) दीड मिमीलाच लाकडात बुडतात आणि कडा फाटायला लागतात, त्यामुळे धोतराच्या खोल निऱ्या 60 ने एका दमात निघतात, 90 ने दोनदा जावं लागतं. पण रुंदी शेवटी खोलीवरच ठरते ना, हात हलका ठेवून अर्धा मिमीच मारली तर 90 ची रेघ पण 1 मिमीच येते. आणि अगदी बारीक रेघ हवी असेल तर मी चाकूचे दोन तिरके काप मारतो, काम होतं. निऱ्या ग्रेनला (लाकडाच्या तंतूंना) तिरक्या गेल्या की एक भिंत गुळगुळीत आणि दुसरी फाटलेली, हा त्रास दोन्हींत सारखाच, एक भिंत उलट ग्रेनवर जाणारच, तिथे टूल कलतं करून उलट दिशेने यायचं.

माझं डोकं फिरलं ते धारेवरून. व्हीच्या दोन भिंती बाहेरून निसण्यावर सपाट घासायच्या, इथपर्यंत काही नाही. पण जिथे त्या मिळतात तिथे धातू जाड असतो, मग टोकाला एक छोटी चोच उरते, ती काढायला खालची कड किंचित गोल करावी लागते, आणि हे सगळं करताना बर (घासताना कडेला उभा राहणारा धातूचा बारीक पापुद्रा) आत सरकतो, अगदी कोपऱ्यात. तो आतून काढल्याशिवाय चरीच्या तळाला लाकूड फाटत राहतं. 60 च्या आत चामड्याचा पट्टा घुसत नाही. त्यासाठी 60 अंशाची लाकडी पाचर मुद्दाम तासून घ्यायची, तिला ग्रीन कंपाउंड (धार चकचकीत करायची हिरवी पेस्ट) लावायचं, आणि पाचरीची धार चार वेळा घासली की गोल होते, की परत तासा. कंटाळा येतो हो. 90 ला काय लागतं, सुताराकडची कुठलीही चौकोनी पट्टी, तिचा कोपरा मुळातच 90 असतो, कंपाउंड चोळला, आतून चारदा मागे ओढला, झालं. कोपरा झिजला तर पट्टी फिरवून दुसरा कोपरा घ्या. धार दर अर्ध्या तासाने सहज ताजी होते म्हणूनच बहुधा माझं 90 चांगलं कापतं, कोनाचा गुण किती आणि धारेचा किती हे मला नक्की सांगता येणार नाही.

अजून एक, रंगाचं. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखं रंगवणार असाल तर प्रायमर आणि दोन हात रंगाखाली 60 ची अरुंद चर भरून जाते, मिशीचे केस एवढे मेहनतीने काढले ते गायब. 90 ची रुंद चर दिसत राहते. नुसतं तेल लावून लाकूड उघडं ठेवायचं असेल तर मात्र 60 ची काळीभोर रेघ देखणी दिसते, तिथे मी पण डबा उघडतो.

तर बिनरंगाचं लाकूड आणि पाचर तासायचा उत्साह असेल तर 60, नाहीतर माझं मत 90 कडे झुकतंय हे लपवत नाही. कुठलंही घ्या, घेताना तोंड उजेडाकडे धरून दोन्ही भिंतींची जाडी सारखी आहे का तेवढं बघा, एक पातळ असेल तर कितीही घासलं तरी त्या बाजूची कड मागे पळत राहते आणि ते घरी नीट होत नाही.