शिलाई मशीनखालची खालीवर होणारी चाकं: नऊ महिन्यांचा अनुभव

परवा दुपारी ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड शिवायचं मशीन, शेडमधून आतल्या खोलीत नेताना मागचं डावं चाक अडकलं. मी जोर लावला तर चाक फिरायच्या ऐवजी घासत आलं आणि शहाबादीवर हातभर ओरखडा उठला. खाली वाकून बघितलं तर चाकाच्या दांड्याभोवती दोरा गुंडाळून गुंडाळून करंगळीएवढं जाड कडक कडं झालेलं. ब्लेडनं कापून ते काढायला पाऊण तास गेला. ऐन दिवाळीच्या कामात पाऊण तास म्हणजे काय ते शिलाई करणाऱ्यांना सांगायला नको. फेब्रुवारीत मी या चाकांबद्दल फार चिडून लिहिलं होतं, एक स्टार देऊन. मग जूनमध्ये पाच स्टार देऊन तोंडभरून कौतुक केलं होतं. दोन्ही अर्धवट होतं, म्हणून आता सगळं नीट लिहिते.

आमचं काम शाळेच्या गणवेशांचं. सोलापूरच्या पूर्व विभागात घर, पुढे पश्चिमेकडे तोंड असलेलं पत्र्याचं शेड, त्यात तीन मशीन. सकाळी उजेड चांगला, वारा चांगला. पण मार्चपासून दुपारी दोननंतर तिथे बसवत नाही. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना पत्रा म्हणजे काय ते कळेल. मशीनच्या लोखंडाला हात लावला तरी चटका बसतो. आणि गणवेशाचा सीझन नेमका तोच, मार्च ते जून. म्हणून दुपारी मशीन आत न्यायचं, संध्याकाळी परत बाहेर काढायचं, कारण रात्री त्याच खोलीत आमची अंथरुणं पडतात.

एका सुईचं पॉवर मशीन, ज्याला आपल्याकडे सगळे जुकीच म्हणतात, ते टेबल आणि क्लच मोटरसकट दोन माणसांनीच हलतं. एका बाजूनं उचलून ओढलं की दोन नुकसानं होतात. स्टँडचे नट ढिले पडतात, टेबल तिरकं होतं आणि पट्टा घसरायला लागतो. आणि मशीनखालच्या ट्रेमधलं तेल कलंडतं. पांढऱ्या शर्टाच्या कापडावर तेलाचा एक डाग पडला की तो शर्ट आपल्या खिशातून गेला. मागच्या वर्षी माझे अकरा शर्ट असे गेले.

ही कल्पना कॅनडातल्या माझ्या मावसभावामुळे डोक्यात आली. त्याच्याकडे बर्फावर चालणारी गाडी आहे, स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. स्कीच्या तळाला कडक धातूच्या धारदार पट्ट्या असतात, वळताना बर्फात रुतायला. गॅरेजच्या काँक्रीटवर त्याच पट्ट्या घासतात, जमीन ओरबाडतात आणि स्वतःही झिजतात. त्यानं दोन्ही स्कीला छोटी चाकं लावली. हवी तेव्हा खाली, बर्फावर गेल्यावर वर. त्याचा व्हिडिओ बघताना मला माझं मशीनच दिसत होतं. जागेवर घट्ट बसायला हवं आणि हलवताना अलगद निघायला हवं. साधी कायमची चाकं मी आधी लावून बघितली होती, लॉकवाली. लॉक केलं तरी पायडल दाबताच टेबल थरथरतं, टीप वाकडी पडते. पॉवर मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं, त्याला चाकांवर उभं करून चालत नाही. त्याचे पाय जमिनीला टेकलेलेच पाहिजेत.

जानेवारीत आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात एक सेट ऑनलाइन मागवला. चार चाकांचा सेट, पायानं खटका दाबला की चाक खाली येऊन मशीन पाऊण इंच उचलतं, खटका वर केला की पाय परत फरशीवर. 2,400 रुपये. खरं तर बसवण्याचे पैसे वाचवायला मी आधी त्यातली दोनच चाकं लावली होती. भावाला दोन पुरतात, मग मला का नाही? पण त्याच्या गाडीचा मागचा पट्टा इंजिनच्या जोरावर गाडी पुढे ढकलतो, चाकं फक्त पुढच्या स्कीला लागतात. माझ्या मशीनला मागून ढकलणारं कोणी नाही. दोन चाकांवर न्यायचं तर दुसरी बाजू उचलावीच लागते, म्हणजे तेल परत कलंडलंच. आठ दिवसांत उरलेली दोनही लावली. तुम्ही हा हिशोब करत असाल तर करू नका, चारच लावा.

ही चाकं लाकडी टेबलाच्या पायाला स्क्रूनं बसवायची असतात. आपल्या मशीनचा स्टँड लोखंडी, त्यामुळे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या वेल्डरअण्णांकडून प्रत्येक पायाला पट्टी जोडून घेतली. पायामागे 150, म्हणजे 600 रुपये. चाक बाहेरच्या अंगाला बसवून घ्या. आतल्या बाजूला बसवलं तर ते वळताना पायडलच्या दांडीला अडतं. आम्ही एक चाक आधी तसंच बसवलं आणि परत तोडून घ्यावं लागलं, त्याचे वेगळे 150.

अठराव्या दिवशी एका खटक्याची स्प्रिंग तुटली. विकणाऱ्याचं म्हणणं, सात दिवस उलटले आणि वस्तू बसवलेली आहे, बदलून मिळणार नाही. न बसवता ती चालते की नाही हे मी कसं बघणार होते? पाच फोन केले, फोटो पाठवले, दर वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट. शेवटी एक स्प्रिंग विकत तरी द्या म्हटलं, तर सुटे भाग मिळत नाहीत. याच रागात मी तेव्हा एक स्टार दिला होता. नंतर अण्णांनी मोटरसायकलच्या ब्रेक पायडलची स्प्रिंग कापून बसवली, वीस रुपयांत. ती आजतागायत टिकली आहे, कंपनीच्या मूळ स्प्रिंगांपेक्षा जास्त कडक आहे.

आणि मग सीझन आला. तेव्हा या चाकांनी मला खरोखर जिंकलं. माझी सासू, वय बासष्ट, एकटी मशीन आत नेऊ लागली. चार खटके, ढकललं, चार खटके. तेलाचा थेंब सांडला नाही. पूर्ण सीझनमध्ये तेलापायी एकही शर्ट गेला नाही. पाणी येतं त्या दिवशी शेड धुताना मशीन बाजूला घेऊन पहिल्यांदाच खालची फरशी नीट घासली, तिथे इतक्या वर्षांची गुंतवळ आणि दोन हरवलेल्या बॉबिन सापडल्या. मे महिन्यात दुसरा सेट मागवला, ओव्हरलॉकसाठी. याच आनंदात जूनमध्ये पाच स्टार दिले होते.

पण दोरा. या एका गोष्टीनं मला हैराण केलंय आणि ती कोणीच सांगत नाही. चाक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यात दोन-तीन मिलिमीटरची फट असते. शिलाईच्या खोलीत जमिनीवर कायम दोरा असणार. चाक फिरलं की दोऱ्याचं एक टोक दांड्याला पकडतं आणि पुढच्या प्रत्येक फेरीला घट्ट होत जातं. सुती दोरा निदान तुटतो तरी, पॉलिएस्टरचा तुटतच नाही. ओव्हरलॉकखाली तर सर्वांत वाईट, कारण ते कापडाची कड कापत चालतं, भुसा आणि सुतं तिथेच पडतात. अडकलेलं चाक घासत नेलं की एका बाजूनं चपटं होतं आणि मग मोकळं केलं तरी खडखडतं. माझी दोन चाकं अशी चपटी झालीत. भावाला सांगितलं तर म्हणाला, त्याच्या चाकांत बर्फ गच्च बसून गोठतो, त्यालाही ठोकून काढावा लागतो.

दवाखान्यांतल्या काही ट्रॉल्यांच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गोल चकत्या असतात, दोरे-केस आत जाऊ नयेत म्हणून. तीच चकती यांनी दिली असती तर चाकामागे दहा-वीस रुपये वाढले असते, मी आनंदानं दिले असते. शेवटी मशीनच्या तेलाचा रिकामा प्लॅस्टिक कॅन कापून मीच गोल चकत्या केल्या, मधे भोक पाडून दोन्ही बाजूंना बसवल्या. जुकीच्या चारही चाकांना ऑगस्टमध्ये लावल्या, तिथे तेव्हापासून अडकलं नाही. ओव्हरलॉकचं उद्या करू उद्या करू म्हणत राहिलं, आणि परवा तेच अडकलं.

आणखी एक सवय लावून घेतली आहे. चाकं खाली घ्यायच्या आधी मशीनखालून झाडू मारायचा, नंतर नाही. चाकं वर असतानाही जमिनीपासून थोडीच उंच राहतात, गुंतवळ तिथेच जमते आणि पहिल्याच ढकलीला आत जाते. उंबरा असेल तर लाकडी फळीचा छोटा उतार करून घ्या. पाऊण इंचात उंबरा ओलांडत नाही.

आज मी चार स्टार देतेय. एक कापला तो स्प्रिंगसाठी नाही, दोऱ्यासाठी. काल ओव्हरलॉकच्या आठ चकत्या कापून झाल्या. तिसऱ्या, काजाच्या मशीनला अजून चाकं नाहीत, ते अजूनही दोघी मिळून उचलतो. त्याच्या पट्ट्या अण्णांनी कापून ठेवल्यात, दिवाळीचं काम हातावेगळं झालं की तिसरा सेट मागवणार आहे. या वेळी चकत्या आधी बसवणार, मगच वेल्डिंगला देणार.