सापाच्या माइट्सवर शिकारी माइट्स : एका डब्याचा अनुभव

मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय. जागा चुकलेलं टिंब माझ्या डोळ्याला लगेच टोचतं. त्यामुळे पाण्याच्या भांड्याच्या तळाशी सात-आठ काळी टिंबं दिसली तेव्हा ‘माती असेल’ म्हणून सोडून देता आलं नाही. वेलांटी, म्हणजे माझी पाळलेली बॉल पायथन जातीची सापीण, दोन दिवस त्याच भांड्यात वेटोळं घालून बसली होती. ते पाणी मी पांढऱ्या कागदावर ओतलं. कागद भिजला, टिंबं पसरली आणि त्यातला एक अनुस्वार चालायला लागला.

मग भिंग काढलं. हनुवटीखालच्या घडीत, डोळ्याच्या कडेला, ओठांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांत, जिथे खवल्याला जरा फट मिळेल तिथे हे बसलेले. पोटाकडच्या खवल्यांवर पांढरी भुकटी उडाल्यासारखं दिसत होतं, ती यांची विष्ठा. हे सापाचे माइट्स, म्हणजे त्याचं रक्त पिणारे बारीक किडे. ऑफिओनिसस नॅट्रिसिस असं भारदस्त नाव आहे या किड्याचं, आकार मात्र मिलिमीटरच्या आसपास.

सगळे करतात तेच मीही आधी केलं. ‘संपूर्ण सुरक्षित’ म्हणून विकला जाणारा एक एन्झाइमवाला स्प्रे आणला. अंगावर मारला की समोरचे मरायचे, हे खरं. आठवड्याभरात पुन्हा तेवढेच. दोष स्प्रेचा होताच, पण माझाही होता, कारण मी साप पुसत बसले आणि पेटी विसरले. रक्त पिऊन झालं की मादी सापावरून उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. ती काही दिवसांत फुटतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या माइटपर्यंत पाच अवस्था, त्यातल्या रक्त पिणाऱ्या दोनच. बाकीचे बहुतेक पेटीतच असतात. उबदार पेटीत हे सगळं चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. म्हणजे मी पान तपासत होते आणि चुका टाइपसेटरच्या यंत्रात होत्या.

मग हा डबा मागवला. आत स्ट्रॅटिओलेलॅप्स स्किमिटस, पूर्वी यांना हायपोआस्पिस माइल्स म्हणायचे. हे मातीत राहणारे, फिकट तपकिरी, तुरुतुरु पळणारे माइट्स. रक्त पीत नाहीत, दुसरे किडे खातात. मुळात कुंड्यांतल्या चिलटांच्या अळ्यांसाठी विकतात. आईने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, किडे घालवायला किडेच विकत आणलेस?”

आणले. पण डब्यावर जे ठळक छापायला हवं होतं ते छापलेलंच नव्हतं, ही माझी पहिली तक्रार. पेटीत आधी पर्मेथ्रिनसारखं टिकून राहणारं कीटकनाशक मारलं असेल तर हे शिकारीही मरतात. माझ्या स्प्रेत तसलं काही नव्हतं हे घटक वाचून कळलं, नाहीतर डबा वायाच गेला असता. तरी पेटी गरम पाण्याने धुतली, लाकडी फांदी टाकून दिली, जुना भुसा पिशवीत बांधून घराबाहेर काढला आणि तळाला ओलसर कोकोपीट पसरलं. डबा आडवा धरून हळूहळू फिरवायचा, म्हणजे तळाशी गेलेले माइट्स भुश्यात सारखे मिसळतात. मग तो भुसा लपायच्या जागेभोवती आणि कोपऱ्यांत शिंपडायचा. धूळ फार उडते, पाण्याचं भांडं आधी बाहेर काढा.

तिसऱ्या रात्री टॉर्च आणि भिंग घेऊन पेटीच्या काचेला नाक लावून बसले होते. सिलिकॉनच्या सांध्यावरून एक काळा, रक्त पिऊन टम्म झालेला जीव रांगत चालला होता. खालून एक तपकिरी आला, थांबला, पुढचे पाय हवेत चाचपडल्यासारखे हलवले आणि त्याच्या बाजूला चिकटला. काळ्याचे पाय बराच वेळ हलत होते. मी तासभर एकही प्रूफ वाचलं नाही.

पण हे प्रकरण संथ आहे, हे आधीच सांगते. पहिले दहा दिवस फरक वाटलाच नाही. शिवाय शिकाऱ्यांना ओल हवी, ते सगळे थंड, दमट बाजूला गोळा झाले आणि हीट मॅटच्या कोरड्या बाजूला काळ्यांचं राज्य तसंच राहिलं. मग मी त्या बाजूलाही ओलं मॉस ठेवलं, तेव्हा गाडी हलली. वाळवंटी जातीच्या, कोरड्या पेटीतल्या सापासाठी हा उपाय मी सुचवणार नाही. तिसऱ्या आठवड्यात वेलांटीने कात टाकली. ती कात उजेडासमोर धरून डोळ्यांच्या टोप्या, म्हणजे कातेबरोबर निघणारे डोळ्यांवरचे पारदर्शक खवले, तपासल्या, दोन मेलेले सापडले. पाचव्या आठवड्यात पाणी स्वच्छ. खाणं संपलं तसे शिकारीही दिसेनासे झाले, त्यांना काढत बसावं लागलं नाही.

साप मलूल असेल, तोंड फिकट दिसत असेल, तर मात्र डब्यावर भिस्त ठेवू नका. हे काळे किडे रक्त इतकं पितात की लहान साप दगावू शकतो, आणि रोगही एकाकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतात. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. आणि ऐकीव माहितीवर घरी आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध तर नकोच. शेजारच्या पेटीत कासव असेल तर त्याच्यासाठी ते जीवघेणं आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण धुळीसाठी कापला, एक त्या न छापलेल्या सूचनेसाठी. डब्यात उरलेले शिकारी साठवून टिकत नाहीत, म्हणून तो भुसा आईच्या कुंड्यांत टाकला. तिथली चिलटं गेली. आता आई अधूनमधून विचारते, “तुझ्या सापाला ते परत कधी होणार गं?”