'सेट' या एका शब्दावर तपासलेली डिक्शनरी

इंग्रजी डिक्शनरी घेताना लोक जाडी बघतात, नाहीतर वेष्टनावरचा शब्दांचा आकडा. मी सरळ 'सेट' काढतो. एवढ्याशा शब्दाला जी डिक्शनरी धड न्याय देते, तिच्यावर बाकीच्या बाबतीत विसंबायला हरकत नाही. उमेदीची वर्षं सांगलीच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेली, हल्ली घरी मुद्रितं तपासतो आणि नात दहावीला आहे. त्यामुळे हा शब्द या ना त्या रूपाने समोर येतोच.

घेतली ती ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, २०२० ची दहावी आवृत्ती. ऑक्सफर्डची ती थोरली, वीस खंडांची डिक्शनरी वेगळी. तिच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, ४३० च्या वर अर्थ आणि साधारण साठ हजार शब्दांचा मजकूर. पुढे सुधारणा करताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि ६४५ अर्थ काढले. घरात त्याचा उपयोग शून्य. आपल्याला हवा असतो तो समोरच्या वाक्यातला एक अर्थ, आणि तोही चहा गार व्हायच्या आत.

खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशात काय असतं? सेट : ठेवणे, बसवणे, मावळणे, घट्ट होणे, संच. यातलं कुठलं कुठे लावायचं, ते तुमचं तुम्ही बघा. नातीच्या एका मैत्रिणीने 'सेट इन'चा अर्थ 'सुरू होणे' असा वाचला आणि निबंधात स्नेहसंमेलन 'सेट इन' करून टाकलं. ही डिक्शनरी तिथे स्पष्ट सांगते, की हा प्रयोग पाऊस, खराब हवा, जखमेतला संसर्ग अशा गोष्टींसाठी, ज्या सुरू होतात आणि लवकर हटायचं लक्षण दिसत नाही. श्रावणातल्या झडीला चालेल, संमेलनाला नाही. (भाषणं लांबली तर चालेलही.)

नोंदीची मांडणी हे खरं काम आहे. अर्थांची नुसती रांग लावलेली नाही. प्रत्येक गटाच्या डोक्यावर एक-दोन शब्दांची पाटी आहे : घड्याळ किंवा यंत्र, जेवणाचं टेबल, दागिने, केस, हाड, चेहरा, गाण्याचे शब्द. वाक्यात डॉक्टर दिसला की 'हाड' ही पाटी धरायची, सोनार दिसला की 'दागिने'. सगळी नोंद वाचावी लागत नाही. अर्थही ठरावीक सोप्या शब्दांत लिहिलेले, म्हणजे एक शब्द समजून घ्यायला आणखी चार शोधत बसावं लागत नाही. हा विचार जुना आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हा कोश केला. तो १९४२ मध्ये तिकडेच निघाला आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये आपल्याकडे घेतला. परक्या मुलाची गाडी कुठे अडते, हे वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच कळतं.

आपल्या 'बसणे'ला असं कुणी तरी करायला हवं. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, धंद्यात जम बसतो, नाटक तर बसवावंच लागतं. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाने कुठल्या पाटीखाली बघायचं?

आता तक्रारी. पहिली अगदी माझी स्वतःची. छपाईच्या पाटीखाली अर्थ दिलाय तो असा, की यंत्र किंवा संगणक वापरून पानावर मजकूर आणि चित्रं लावणे. आणि हातात स्टिक (ओळ जुळवायची पट्टी) धरून, केसमधून (खिळ्यांच्या पेटीतून) एकेक खिळा उचलून आम्ही जे मॅटर सेट करायचो ते? काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांचे वेगळे खाने, आणि बोटांना ते न बघता पाठ. शिकणाऱ्याला आजचंच इंग्रजी हवं हे मान्य, पण अर्ध्या ओळीची जागा निघाली असती.

दुसरी तक्रार मात्र सगळ्यांना जाणवेल. वाक्प्रचार शोधायला 'सेट'पाशी जावं, तर तिथे सूचना, की बहुतेक वाक्प्रचार त्यातल्या नामाच्या किंवा विशेषणाच्या नोंदीत बघा. 'सेट द पेस' हवं तर 'पेस' उघडा. पद्धत चूक नाही, सवय होते, पण पहिले काही दिवस सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरल्यासारखं वाटतं. 'सेट ऑफ', 'सेट आउट', 'सेट अप' ही मंडळी मात्र नोंदीच्या शेवटी एकत्र, उदाहरणांसकट आहेत. अनुवाद करणाऱ्याने ती एकदा शांतपणे वाचून काढावीत.

मास्तर पेपर सेट करतात, गवंडी स्लॅब सेट व्हायची वाट बघतो, इथपर्यंत ही डिक्शनरी तुमच्याबरोबर आहे. पोराला नोकरी लागल्यावर आई म्हणते, 'सेट झाला एकदाचा,' तिथे इंग्रज 'सेटल' म्हणेल. हा फरक कळावा म्हणूनसुद्धा घरात अशी एक डिक्शनरी असावी.

आठवी-नववीपासून पुढे घ्या. त्याआधी नको, कारण यात मराठी अर्थ नाहीत आणि मूल कंटाळेल. नवीच हवी असा हट्ट नसेल तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रती विचारा. २०१५ ची नववी किंवा २०१० ची आठवी मिळाली तरी 'सेट'साठी काही बिघडत नाही. फुटपाथवरची नकली छपाई टाळा, बारीक टाइप त्यात फुटतो आणि उच्चाराच्या खुणा वाचताच येत नाहीत. उच्चार ऐकायचे असतील तर ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर हीच डिक्शनरी फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाजांत. नात तीच वापरते. मला कागद लागतो, म्हणून विकत घेतली. पाचपैकी साडेचार तारे, अर्धा खिळ्यांसाठी कापला.