खर्चाची नोंद: वहीत, स्प्रेडशीटमध्ये की अ‍ॅपमध्ये?

महिनाअखेरीस पैसे नेमके कुठे गेले ते सांगता येत नाही, म्हणून आपण खर्च लिहायला घेतो. मग प्रश्न येतो, लिहायचं कशात? माझं मत आधीच सांगते. खर्चाचा अचूक हिशेब हवा असेल तर अ‍ॅप घ्या. खर्चाची सवय बदलायची असेल तर निदान पहिले दोन-तीन महिने हाताने लिहा. ही दोन कामं वेगळी आहेत आणि एकाच साधनाकडून दोन्हींची अपेक्षा ठेवली की बहुतेकांची नोंद मध्येच सुटते.

वहीचं बळ तिच्या संथपणात आहे. रक्कम लिहायला हात थांबतो आणि त्या क्षणी खर्च दुसऱ्यांदा डोळ्यांसमोरून जातो. कार्डाने किंवा फोनने पैसे देताना नेमकं हेच होत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींनी पैसे रोख द्यायचे होते, काहींनी क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. पैसा हातातून जाताना जाणवला नाही की तो सैल सुटतो. वही ती जाणीव परत आणते.

वहीची एक जुनी, नीट बांधलेली पद्धत म्हणजे जपानची ‘काकेइबो’. पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ साली ती रूढ केली. महिन्याच्या सुरुवातीला मिळकतीतून ठरलेले खर्च आणि बचत बाजूला काढायची. उरलेल्या पैशांतला प्रत्येक खर्च गरज, हौस, वाचन-कला आणि अचानक उद्भवलेलं, अशा चार खान्यांत लिहायचा. खाना ठरवताना मनाशी जो वाद होतो, तोच या पद्धतीचा खरा फायदा. ‘ही गरज की हौस?’ हे कोणतंही अ‍ॅप तुमच्या वतीने ठरवू शकत नाही.

वहीची खोट म्हणजे बेरीज आणि विसर. दोन दिवस राहिलं की तिसऱ्या दिवशी आठवून लिहावं लागतं आणि न आठवलेलं सगळं ‘किरकोळ’मध्ये जातं. ते खातं फुगायला लागलं की नोंद नुसती नावाला उरली असं समजा.

अ‍ॅपमध्ये विसरण्याचा प्रश्न नाही. बँकेचे मेसेज वाचून किंवा खातं जोडून ते खर्च आपोआप भरतं. दिवसाला खूप छोटे व्यवहार होत असतील तर वहीने दमायला होईल, तिथे अ‍ॅपच बरं. पण त्याचे आकडे डोळे झाकून घेऊ नका. एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात पैसे टाकले तरी ते खर्च धरला जाऊ शकतो. कार्डाने केलेली खरेदी एकदा आणि त्याच कार्डाचं बिल भरलं तेव्हा पुन्हा, अशी दुबार मोजणीही होते. एटीएममधून काढलेली रोकड तर ‘रोकड’ एवढ्याच ओळीत संपते, पुढे ती कुठे गेली याचा पत्ता नाही. आठवड्यातून एकदा बसून हे दुरुस्त करणार असाल तरच अ‍ॅप घ्या.

निवडताना नोंदी बाहेर काढायची सोय आहे का, तेही बघा. २००७ पासून चाललेलं ‘मिंट’ हे अमेरिकेतलं गाजलेलं अ‍ॅप मार्च २०२४ मध्ये बंद झालं. वर्षानुवर्षांचा हिशेब अशा एकाच जागी अडकू देऊ नये. शिवाय मेसेज वाचायची परवानगी म्हणजे तुमच्या खासगी व्यवहारांची खिडकी उघडणं. तेवढ्या सोयीसाठी ती उघडायची का, हे शांतपणे ठरवा.

स्प्रेडशीट रोजच्या नोंदीला मला जड वाटते, पण वर्षाचा पट मांडायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. विम्याचा हप्ता, फी, मोठी दुरुस्ती हे खर्च वर्षातून एकदाच येतात आणि त्या महिन्याचं गणित कोलमडतं. त्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी ठेवा. मिळकत कमीजास्त होत असेल त्यांनी तर हे कराच.

पाकिटांची पद्धत, म्हणजे प्रत्येक खर्चाची रोकड वेगळ्या पाकिटात, सगळ्या खर्चाला लावायला गेलात तर टिकणार नाही. वहीत जो एक खर्च वारंवार हाताबाहेर जाताना दिसतो, तेवढ्याच खर्चाचं पाकीट करा.

घरात दोघं मिळून खर्च करत असाल, तर दोघांनाही भरता येईल असं अ‍ॅप किंवा सामाईक शीट घ्या. वही एकाच्याच हातात राहते आणि मग दुसऱ्याला प्रत्येक नोंद जाब विचारल्यासारखी वाटू लागते.