पिंग, एनसी की क्लाउडचं स्वतःचं साधन: आधी काय चालवायचं?

उद्यमबागेतल्या एका कारखान्याचं बिलिंग क्लाउडवर हलवलं, तेव्हा एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये दोन मशीन घेतल्या. एकीवर अ‍ॅप, दुसरीवर पोस्टग्रेस हा डेटाबेस. अ‍ॅपला डेटाबेस काही सापडेना. मी पिंग मारला (पलीकडची मशीन हाकेला ओ देते का ते बघणारी कमांड), उत्तर नाही. मग सबनेट (नेटवर्कचे तुकडे), रूट टेबल (पॅकेटच्या वाटांचा तक्ता) उकरत बसलो. टिळकवाडीत घरी पोचलो तोवर सगळ्यांची जेवणं उरकलेली. रस्ता तर ठीकच होता! सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे मशीनपुढच्या क्लाउडच्या फायरवॉलमध्ये, फक्त ५४३२ हा पोस्टग्रेसचा पोर्ट उघडा होता, आणि पिंग चालतो आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर. त्याला परवानगी दिलीच नव्हती.

तेव्हापासून पिंग मी पहिला मारत नाही. उत्तर आलं तर रस्ता आहे एवढं कळतं. नाही आलं तर काहीच कळत नाही.

एनसी (नेटकॅट ही कमांड) आपल्याला हव्या नेमक्या त्याच पोर्टवर टकटक करतं, आणि त्याचा नकारही बोलका असतो. 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा पॅकेट पोचलंय, पण पलीकडे ऐकणारं कुणी नाही. पोस्टग्रेस मुळात लोकलहोस्टवरच (१२७.०.०.१, म्हणजे स्वतःच्या मशीनपुरतंच) ऐकतं, त्यामुळे सेटिंग बदलायचं राहिलं की हेच होतं. डेटाबेसच्या मशीनवर एसएस चालवा, कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते ही कमांड दाखवते. ५४३२ समोर नुसतं १२७.०.०.१ दिसलं तर चोर सापडला. (माझीही दुसरी चूक हीच होती.) ताटकळत ठेवून 'टाइम्ड आउट' आलं, तर मध्येच कुणीतरी पॅकेट गिळतंय: सिक्युरिटी ग्रुप, नेटवर्क एसीएल (सबनेटच्या वेशीवरचं फायरवॉल), नाहीतर मशीनमधलं यूएफडब्ल्यू (लिनक्सचं स्वतःचं फायरवॉल).

सिक्युरिटी ग्रुप आत सोडलेल्याचं उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो. एसीएल म्हणजे कोरोनातला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका, जाताना सोडलं म्हणून येताना सोडतील असं नाही. कुणी डिफॉल्ट एसीएल बदललं असेल, तर उत्तरासाठी १०२४ ते ६५५३५ पोर्टही बघा. दोन्ही मशीन एकाच सबनेटमध्ये असतील तर हा विषयच सोडा.

रीचेबिलिटी अ‍ॅनालायझर हे एडब्ल्यूएसचं स्वतःचं साधन 'टाइम्ड आउट' आल्यावरच काढा. तो पॅकेट पाठवत नाही, कॉन्फिगरेशन वाचून कुठे अडलं ते सांगतो आणि दर तपासणीला १० सेंट घेतो. अ‍ॅझुरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) आयपी फ्लो व्हेरिफाय हे तसंच साधन अडवणाऱ्या नियमाचं नावच देतं. यूएफडब्ल्यू मात्र दोघांनाही दिसत नाही.

क्लाउडचं साधन 'सगळं ठीक' म्हणतंय आणि एनसी तरी लटकतंय, तेव्हा डेटाबेसच्या मशीनवर टीसीपीडम्प लावा, येणारीजाणारी पॅकेटं ते दाखवतं. सिन पॅकेट (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) येताना दिसलं तर यूएफडब्ल्यू आणि परतीची वाट तपासायची.